हॅरोचा फ्लॅट आणि नागाळा पार्कचं मृत्युपत्र

डॉक्टरांनी डायरी माझ्या टेबलावर उघडून ठेवली. पानाच्या मधोमध लाल शाईने एक आकडा लिहिलेला होता आणि खाली दोन रेघा ओढलेल्या होत्या: ३८,००० पौंड.

"वकीलसाहेब, आम्ही गेल्यावर लेकीला एवढा कर भरायला लागणार. त्यापेक्षा आत्ताच फ्लॅटचं तिच्या नावानं बक्षीसपत्र करून टाकूया. पुढं सात वर्षं जगलो की सुटलो. भाडं तेवढं आम्हाला राहू दे."

लंडनमधल्या एका जुन्या सहकाऱ्याने फोनवर त्यांना हा सल्ला दिला होता. ब्रिटनमध्ये बक्षीस दिल्यावर देणारा सात वर्षं जगला तर त्या मिळकतीवर वारसा कर लागत नाही, असा त्यामागचा हिशेब. काकू शेजारी बसल्या होत्या. मांडीवर प्लॅस्टिकची एक जाड पिशवी होती आणि ती त्यांनी दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. त्या दिवशी मी त्या पिशवीकडे लक्ष दिलं नाही. या प्रकरणातला खरा धोका तिच्यातच होता.

कुटुंबाच्या परवानगीने लिहितोय. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, कायदा आणि हिशेबाची रीत जशीच्या तशी ठेवली आहे. परदेशात नोकरी केलेली, तिकडे घर घेतलेली आणि उतारवयात गावी परतलेली माणसं आता कोल्हापुरात वरचेवर भेटतात. त्यांच्यापैकी बऱ्याच जणांची भीती एका जागी असते आणि धोका भलत्याच जागी. हे प्रकरण त्याचा चांगला नमुना आहे.

डॉक्टर ७१ वर्षांचे, काकू ६७. दोघं १९९४ साली इंग्लंडला गेले. डॉक्टर तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत भूलतज्ज्ञ होते. १९९८ साली लंडनच्या वायव्येला हॅरोमध्ये त्यांनी दोन बेडरूमचा फ्लॅट घेतला, ९२ हजार पौंडांना, दोघांच्या नावावर. २०११ साली डॉक्टरांच्या आईचं आजारपण निघालं तसे सगळं आवरून परत आले. नागरिकत्व भारतीयच ठेवलेलं होतं. फ्लॅटचं कर्ज फिटलंय, तो भाड्याने दिलाय, आजचा भाव साधारण ४ लाख २० हजार पौंड. इकडे कोल्हापूरच्या नागाळा पार्कात घर, करवीर तालुक्यात साडेतीन एकर उसाचं रान आणि दवाखान्याची इमारत. सगळं स्वकष्टार्जित. मुलगाही डॉक्टर, तोच दवाखाना चालवतो. मुलगी पुण्यात नोकरीला, तिला नऊ वर्षांचा मुलगा.

घरात वाटणी कधीच ठरली होती. इथलं सगळं मुलाचं, हॅरोचा फ्लॅट मुलीचा.

"मी काय म्हणतो साहेब," काकू म्हणाल्या (आमच्याकडच्या बायका असंच बोलतात), "तिनं दवाखान्यावर, रानावर कधी बोट ठेवलं नाही. भावाला असू दे म्हणाली. मग ते लांबचं घर तरी तिला बिनघोर मिळालं पाहिजे."

हा 'बिनघोर' शब्द मी फाईलच्या कव्हरवर लिहून ठेवला. पुढची सगळी तपासणी त्या शब्दाला धरून केली.

लाल शाईचा आकडा

आधी त्या आकड्याचा निकाल लावला, कारण डॉक्टरांची झोप त्याने उडवली होती. मी इंग्लंडच्या कायद्याचा वकील नाही. त्यामुळे तिथल्या एका सॉलिसिटरबाईंना पहिल्या आठवड्यातच सोबत घेतलं. दर शुक्रवारी दुपारी आमचा व्हिडिओ कॉल व्हायचा.

ब्रिटनमध्ये वारसा कर मयताच्या मिळकतीवर लागतो. ३ लाख २५ हजार पौंडांपर्यंत काही नाही, त्यावर ४० टक्के. २००९ पासून ही मर्यादा हललेली नाही. डॉक्टरांच्या मित्राने ४ लाख २० हजारांतून ३ लाख २५ हजार वजा केले, उरलेल्या ९५ हजारांचे ४० टक्के काढले. ३८ हजार. गणित बरोबर होतं, पण ते एकट्या माणसाचं गणित होतं.

फ्लॅट नवराबायकोचा आहे. दोघांपैकी पहिलं माणूस जाईल तेव्हा त्याचा हिस्सा जोडीदाराकडे जातो आणि जोडीदाराला मिळालेल्या मिळकतीवर हा कर नाही. (एक जण तिथला दीर्घकाळचा रहिवासी आणि जोडीदार नसेल तर या सवलतीला मर्यादा येते. इथे दोघंही चौदा वर्षांपूर्वी परतलेले, त्यामुळे तो प्रश्न नाही.) पहिल्याची न वापरलेली ३ लाख २५ हजारांची मर्यादा वाया जात नाही, ती दुसऱ्याच्या मर्यादेत मिळवता येते. म्हणजे दुसऱ्या मृत्यूच्या वेळी ६ लाख ५० हजारांपर्यंत कर नाही. शिवाय मयत ज्या घरात कधीतरी स्वतः राहिला असेल ते घर मुलांना जात असेल तर माणशी १ लाख ७५ हजारांची आणखी एक सवलत आहे. डॉक्टर आणि काकू तेरा वर्षं त्याच घरात राहिले होते. ती सवलत धरायची गरजच पडली नाही. ४ लाख २० हजार आणि ६ लाख ५० हजार यांत केवढं अंतर आहे ते डॉक्टरांनी स्वतः वजाबाकी करून बघितलं.

"आणि नागाळा पार्कचं घर? रान?"

६ एप्रिल २०२५ पासून ब्रिटनने हा कर राहण्याच्या वर्षांशी जोडलाय. मागच्या वीस वर्षांत दहा वर्षं तिथे राहिलेल्या माणसाची जगभरची मिळकत धरली जाते, बाकीच्यांची फक्त ब्रिटनमधली. कोल्हापूरची मिळकत या हिशेबात येत नाही.

एक गोष्ट मात्र मी लिहूनच दिली. पहिल्याची मर्यादा आपोआप जोडली जात नाही. दुसरा मृत्यू झालेल्या महिन्याच्या अखेरीपासून दोन वर्षांच्या आत तिची मागणी करावी लागते. त्यासाठी पहिल्या मृत्यूचा दाखला, विवाहाचा दाखला, पहिल्याचं मृत्युपत्र हे सगळं लागतं. कधी कधी दोन मृत्यूंमध्ये वीस वर्षं जातात आणि तोवर पहिल्याचे कागद कुठल्या कपाटात गेले ते कुणालाच माहीत नसतं.

आता बक्षीसपत्र. हा सल्ला ऐकायला शहाणपणाचा वाटतो, आणि या कुटुंबासाठी तो चक्क नुकसानीचा होता. हयातीत घर देऊन टाकलं की ब्रिटनच्या लेखी ते बाजारभावाने विकल्यासारखं धरतात आणि भांडवली नफ्यावर कर लागतो. ब्रिटनमध्ये न राहणाऱ्यांना निवासी मिळकतीवर हा कर एप्रिल २०१५ पासून आहे, त्यामुळे नफा त्या वेळच्या भावापासून मोजायचा. तेव्हाचा भाव साधारण ३ लाख १० हजार, म्हणजे नफा १ लाख १० हजार. दर १८ आणि २४ टक्के. दोघांच्या सवलती वजा करून कर वीस ते पंचवीस हजार पौंडांच्या घरात जातो, आणि त्याचं विवरण साठ दिवसांत द्यायचं, कर तेव्हाच भरायचा. एक पौंडही हातात न येता पंचवीस लाखांच्या आसपास रुपये गेले असते. उलट, घर मृत्यूनंतर मुलीकडे गेलं तर तिच्यासाठी ब्रिटनमध्ये नवी किंमत त्या दिवसाच्या बाजारभावाची धरतात आणि जुना नफा तिथे पुसला जातो.

त्यात 'भाडं आम्हाला राहू दे' ही डॉक्टरांची अट. घर दिलं पण त्याचा लाभ स्वतःकडे ठेवला, तर वारसा करासाठी ते घर दिलंच नाही असं समजतात. मग सात वर्षं काय, सतरा वर्षं जगूनही उपयोग नाही. थोडक्यात, जो कर लागणारच नव्हता तो चुकवायला जो लागला नसता तो कर भरायचा, असा तो बेत होता.

डॉक्टरांनी डायरीतल्या त्या आकड्यावर काट मारली. त्यांना वाटलं काम झालं. मलाही क्षणभर तसंच वाटलं.

पिशवी

तिसऱ्या भेटीत काकूंनी पिशवी उघडली. आत २००४ साली हॅरोत केलेल्या मृत्युपत्राची झेरॉक्स होती. पानं फुगलेली, कडांना गाळाची तपकिरी रेघ, दुसऱ्या आणि तिसऱ्या पानावरची शाई एकमेकांवर उमटलेली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली तेव्हा नागाळा पार्कात त्यांच्या तळमजल्यावर पाणी शिरलं होतं. पाणी उतरल्यावर काकूंनी हे कागद एकेक करून सुती कापडाखाली ठेवून इस्त्रीने वाळवले होते.

त्या मृत्युपत्रात साधी रचना होती. आधी सगळं जोडीदाराला. दोघांच्या पश्चात फ्लॅट मुलीला. मूळ प्रत तिथल्या वकिलांच्या तिजोरीत.

"मग हे आहेच की," डॉक्टर म्हणाले. "नवीन कशाला?"

मी विचारलं, यानंतर काही केलंय का? दोघांनी एकमेकांकडे बघितलं. केलं होतं. महापुरात कागद भिजले त्याची धास्ती घेऊन त्याच वर्षी दिवाळीच्या आधी दोघांनी इथे मृत्युपत्रं करून घेतली होती. घरातल्या कपाटात होती. डॉक्टरांचा मुलगा स्कूटरवरून जाऊन घेऊन आला.

मराठीत टाईप केलेली, चार-चार पानांची, दोघांची सारख्याच मजकुराची. परिशिष्टात नागाळा पार्कचं घर सिटी सर्व्हे नंबरासकट, रानाचे गट नंबर, दवाखाना, ठेवी. सगळं मुलाला. हॅरोच्या फ्लॅटचा कुठेही उल्लेख नाही. करून देणाऱ्याला तो फ्लॅट सांगितलाच नव्हता, कारण त्याचं मृत्युपत्र आधीच झालंय असं दोघं धरून चालले होते. मी शेवटच्या पानावर आलो. तिथे दोन वाक्यं होती, अशी वाक्यं आमच्याकडच्या जवळजवळ प्रत्येक मृत्युपत्रात असतात:

"यापूर्वी मी केलेली सर्व मृत्युपत्रे या मृत्युपत्राने रद्द समजावीत. वर नमूद केलेल्या मिळकतींखेरीज माझ्या नावे जी काही स्थावर-जंगम मिळकत आढळून येईल ती माझ्या मुलास मिळावी."

मी ती दोन वाक्यं दोनदा वाचली, मग मोठ्याने वाचली. खोलीत कुणी काही बोललं नाही.

पहिल्या वाक्याने हॅरोचं मृत्युपत्र रद्द झालं. दुसऱ्या वाक्याने हॅरोचा फ्लॅट मुलाला गेला. 'जी काही मिळकत आढळून येईल' हे वाक्य लिहिताना लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर विसरलेलं एखादं बचत खातं, सोसायटीचे शेअर, जुनी गाडी असते. इथे त्याच्या पोटात ४ लाख २० हजार पौंडांचा फ्लॅट गेला होता.

शुक्रवारच्या कॉलवर सॉलिसिटरबाईंना भाषांतर वाचून दाखवलं. माझ्या मनात एक आशा होती. आपल्या कायद्यात दोन्ही साक्षीदार एकाच वेळी हजर असण्याची सक्ती नाही. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ चं कलम ६३ तसं स्पष्ट म्हणतं. डॉक्टरांच्या मृत्युपत्रावर एका साक्षीदाराने सकाळी दवाखान्यात आणि दुसऱ्याने संध्याकाळी घरी सही केली होती. इंग्लंडचा १८३७ चा कायदा मात्र मृत्युपत्र करणाऱ्याच्या सहीच्या वेळी दोन्ही साक्षीदार एकत्र हजर हवेत असं सांगतो. मग तिकडे हे मृत्युपत्र टिकणारच नाही आणि जुनं वाचेल, असं मला वाटलं. त्यांनी मान हलवली. इंग्लंडच्या १९६३ च्या कायद्याने, जिथे मृत्युपत्र केलं तिथल्या रीतीने ते वैध असेल तर तिकडेही वैध धरतात. म्हणजे कोल्हापुरात बरोबर झालेला कागद हॅरोतही बरोबर, आणि त्यातली रद्द करणारी ओळही बरोबर.

फ्लॅट 'जॉइंट टेनन्ट्स' पद्धतीने दोघांच्या नावावर आहे. लँड रजिस्ट्रीचा उतारा सात पौंड भरून ऑनलाइन मिळतो. त्यावर हिस्से वेगळे असल्याची नोंद नव्हती. या पद्धतीत एक जण गेला की सगळं घर मृत्युपत्राला वळसा घालून आपोआप दुसऱ्याचं होतं. त्यामुळे पहिल्या मृत्यूच्या वेळी काहीच बिघडलेलं दिसलं नसतं. मृत्यूचा दाखला जोडून एक अर्ज केला की नाव कमी होतं. चूक उघडी पडली असती दुसऱ्या मृत्यूनंतर, जेव्हा ती दुरुस्त करणारं कुणी उरलं नसतं.

मुलाला तिथेच बसवून समजावून सांगितलं. तो लगेच म्हणाला, "साहेब, मला नको ते घर. ताईचंच आहे. मी सही करून देईन की."

मला त्याच्यावर पूर्ण विश्वास आहे, आजही. इंग्लंडच्या कायद्यात तशी सोयही आहे: मृत्यूनंतर दोन वर्षांच्या आत ज्याला मिळालंय तो लेखी करार करून दुसऱ्याला देऊ शकतो आणि करासाठी ते मयतानेच दिल्यासारखं मानतात. पण मी त्याला विचारलं, तुझ्या सहीवर ताईचं घर का टांगून ठेवायचं? आणि देव करो असं न होवो, पण तू आधी गेलास तर ती सही कुणाकडे मागायची? तुझ्या बायकोकडे? मुलांकडे, ती अठराची झाल्यावर? हक्कसोडपत्रावर सही करायला बहिणीला बोलावण्याचे प्रसंग मी या टेबलावर शेकड्याने बघितलेत. भाऊ कितीही चांगला असला तरी त्या क्षणी बहिणीचा चेहरा कसा होतो तेही बघितलंय.

संध्याकाळी मुलीला पुण्याहून कॉलवर घेतलं. तिने सगळं शांतपणे ऐकलं. मग एकच प्रश्न विचारला.

"म्हणजे आण्णा, आज, या घडीला, ते माझं नाहीये?"

डॉक्टरांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत राहिले.

काय केलं

दोन देशांसाठी दोन मृत्युपत्रं, प्रत्येकाची हद्द स्पष्ट आखलेली. इंग्लंडचं सॉलिसिटरबाईंनी केलं: ते फक्त इंग्लंड आणि वेल्समधल्या मिळकतीपुरतं, आणि तिथल्या मिळकतीबाबत आधी केलेलीच मृत्युपत्रं ते रद्द करतं. कोल्हापूरचं मी केलं. रद्द करणाऱ्या ओळीवर मी सगळ्यात जास्त वेळ घातला. शेवटी ती अशी झाली: "हे मृत्युपत्र माझ्या भारतातील मिळकतीपुरते मर्यादित आहे. भारतातील मिळकतीबाबत यापूर्वी केलेली मृत्युपत्रे मी रद्द करीत आहे. भारताबाहेरील मिळकतीबाबत मी केलेल्या किंवा पुढे करीन त्या कोणत्याही मृत्युपत्रास याने बाधा येणार नाही." आणि 'जी काही मिळकत आढळून येईल' या वाक्यात 'भारतात' हा एक शब्द घातला.

एकच जागतिक मृत्युपत्र का नको? करता येतं. पण मूळ प्रत एकच असते, ती एका देशात अडकली की दुसऱ्या देशातलं काम थांबतं. इंग्लंडमध्ये फ्लॅट विकायचा किंवा नावावर करायचा तर प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्राला न्यायालयाची मान्यता, लागतंच. इकडे कोल्हापुरात मृत्युपत्राला प्रोबेटची सक्ती नव्हतीच, तलाठी आणि सिटी सर्व्हेकडचं काम वेगळ्या वाटेने जातं. दोन वाटांसाठी दोन कागद बरे, असं माझं मत आहे.

मृत्युपत्रच नसतं तर? इंग्लंडमधल्या स्थावर मिळकतीला इंग्लंडचाच वारसा कायदा लागतो, हिंदू वारसा कायदा नव्हे. दोघांच्या पश्चात भाऊबहिणीला निम्मं-निम्मं. ठरलेली वाटणी तिथेही मोडली असती.

मुलगी आईवडिलांच्या आधी गेली तर फ्लॅट नातवाला, असं लिहिलं. अल्पवयीन मुलाच्या नावावर इंग्लंडमध्ये जमीनजुमला चढत नाही, म्हणून त्याचे वडील आणि मामा असे दोन विश्वस्त नेमले. अंमलबजावणी करणारी मुलगी, आणि तिच्यानंतर तिचा भाऊ. मामाने आपलं नाव स्वतःहून सुचवलं.

सहीची तारीख ठरली सप्टेंबरमध्ये. त्याच्या महिनाभर आधी, १८ ऑगस्ट २०२५ ला, उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं होतं. इतक्या वर्षांची मागणी पुरी झाल्याचा आनंद वकिलांमध्ये अजून ताजा होता आणि माझा कारकूनही त्याच धांदलीत होता. साक्षीदार शेजारचे दोघे: एक निवृत्त मुख्याध्यापक, एक औषध दुकानदार. मुलगी आणि जावई पुण्याहून आले होते, पण त्यांना मुद्दाम आतल्या खोलीत बसवलं. इंग्लंडच्या कायद्यात साक्षीदाराला किंवा त्याच्या जोडीदाराला मृत्युपत्रातून काही मिळणार असेल तर ते देणं रद्द होतं. दारं लावून पाचही जण एका टेबलाभोवती. डॉक्टरांची सही, दोघांच्या साक्षी. काकूंची सही, दोघांच्या साक्षी. कुणी पाणी प्यायलाही उठलं नाही.

सह्या झाल्यावर कारकुनाने सवयीने इंग्लंडच्या मृत्युपत्राची पिन उपसायला घेतली, झेरॉक्स नीट यावी म्हणून. मी हात धरला. पिनेची जादा भोकं दिसली की तिथलं प्रोबेट कार्यालय विचारतं, आणखी एखादं पान होतं का, काढून घेतलं का. आपल्याकडे पिन काढणं-लावणं ही दिवसातून पन्नास वेळा होणारी गोष्ट. पानं पिनेसकट उलटून फोनवर फोटो काढले आणि मूळ प्रत तशीच कुरिअरने पाठवली. कोल्हापूरची मृत्युपत्रं या वेळी दुय्यम निबंधकांकडे नोंदवली. नोंदणी सक्तीची नाही, पण महापूर बघितलेल्या माणसांना ती करायची होती.

मृत्युपत्राबाहेरचं

लँड रजिस्ट्रीच्या उताऱ्यावर आणखी दोन गोष्टी सापडल्या. काकूंचं नाव माहेरचं होतं. त्यांचा पहिला पासपोर्ट लग्नाआधीचा, फ्लॅट घेताना तोच दाखवलेला. आधार, पॅन, बँक सगळीकडे सासरचं नाव. उद्या महापालिकेचा मृत्यूचा दाखला सासरच्या नावाने निघणार आणि तिकडे विचारणार, ही बाई कोण? विवाहाचा दाखला जोडून नोंद दुरुस्त करायला दिली. दुसरं, पत्रव्यवहाराचा पत्ता फ्लॅटचाच होता, म्हणजे सगळ्या नोटिसा भाडेकरूच्या पेटीत. नागाळा पार्कचा पत्ता आणि मुलीचा ईमेल दिला. उताऱ्याबाबत काही हालचाल झाली तर ईमेल पाठवणारी रजिस्ट्रीची मोफत सेवा आहे, तीही लावली.

मग भाडेपट्टा. हॅरोचा फ्लॅट 'लीजहोल्ड' आहे, १९८८ पासून ९९ वर्षांचा. म्हणजे २०८७ पर्यंत. बासष्ट वर्षं उरलीत. डॉक्टर सत्तावीस वर्षं "माझं घर" म्हणत आलेत आणि ते खोटं नाही, पण मुलीच्या हातात पडणार आहेत ती उरलेली वर्षं. मुदत ८० च्या खाली गेली की वाढवून घेणं महाग पडतं, साठीत आली की बऱ्याच बँका घेणाऱ्याला कर्ज द्यायला कचरतात. ही किंमत बदलणारा कायदा ब्रिटिश संसदेने २०२४ साली केला, पण आम्ही हे बघत होतो तेव्हा ते कलम अमलात आलेलं नव्हतं. माझं मत मी स्पष्ट दिलं: तिकडच्या खात्यात साठलेलं भाडं यासाठी वापरा. मुलीला रोख पैसे ठेवण्यापेक्षा घराला ९० वर्षं जोडून ठेवणं मोलाचं. डॉक्टरांना अजून तो खर्च जिवावर येतोय.

भारतातला हिशेब माझ्या सनदी लेखापाल मित्राने बघितला. फेमा या परकीय चलन कायद्याच्या कलम ६(४) प्रमाणे परदेशात राहत असताना घेतलेलं घर परतल्यावरही ठेवता येतं, आणि भारतात राहणाऱ्या मुलीला ते वारशाने घेता येतं. भारतात इस्टेट ड्युटी १९८५ सालीच गेली, त्यामुळे वारसा मिळाला म्हणून इथे कर नाही. पण विकताना गणित फिरतं. ब्रिटनने मृत्यूच्या दिवसाची किंमत धरून जुना नफा पुसला, तरी भारत वडिलांची खरेदी किंमतच धरतो, किंवा १ एप्रिल २००१ चा बाजारभाव. म्हणजे लेकीने उद्या फ्लॅट विकला तर मोठा कर लंडनला नाही, इथेच भरावा लागेल. दर १२.५ टक्के, २३ जुलै २०२४ आधीची मिळकत असल्याने महागाई निर्देशांकासह २० टक्क्यांचा हिशेबही करून कमी तो भरता येतो. त्या पैशातून भारतात घर घेतलं तर सूट मिळू शकते. हे तिला आज सांगितलं, कारण बापाच्या डायरीतला लाल आकडा चुकीच्या देशाचा होता.

विवरणपत्रांत आणखी एक भोक निघालं. आधीच्या सल्लागाराने भाडं दाखवलं होतं, पण परदेशी मालमत्तेचा तक्ता दोन वर्षं कोरा सोडला होता. काळा पैसाविरोधी २०१५ च्या कायद्यात त्यासाठी दहा लाखांच्या दंडाची तरतूद आहे आणि २०२४ साली आलेली वीस लाखांपर्यंतची सवलत स्थावर मिळकतीला लागू नाही. कष्टाच्या पगारातून घेतलेलं, एकेक पौंड बँकेतून गेलेलं घर, आणि तरी डॉक्टरांना चोरासारखं वाटत होतं. दुरुस्तीचं काम चालू आहे. बापाने न दाखवलेलं घर लेकीच्या विवरणपत्रात अचानक उगवलं तर पहिली नोटीस तिला येते, म्हणून हे त्यांच्या हयातीत निपटणं भाग आहे.

एक काम राहिलंय. दोघांपैकी मागे राहणाऱ्याची स्मृती गेली तर फ्लॅटचं कोण बघणार? आपलं मुखत्यारपत्र देणाऱ्याची समज गेली की संपतं. इंग्लंडमध्ये अशाच वेळी चालू राहणारं वेगळं मुखत्यारपत्र आहे, तिथल्या कार्यालयात नोंदवावं लागतं. अर्ज भरून झालाय. काकूंनी मुलीचं नाव दिलंय, डॉक्टरांनी मुलीचं आणि मुलाचं.

मागच्या आठवड्यात दोघं दुरुस्त झालेला उतारा घेऊन आले. काकूंनी पिशवीतून तो काढला आणि मला बोटाने ओळ दाखवली: त्यांचं सासरचं नाव, खाली नागाळा पार्क, कोल्हापूर. जुन्या मृत्युपत्राची ती भिजून फुगलेली झेरॉक्स अजून पिशवीतच होती. फाडून टाका म्हटलं तर ऐकेनात. मग मी तिच्या पहिल्या पानावर आडवी रेघ मारून 'रद्द' लिहिलं आणि तारीख घालून त्यांना परत दिली.